हौद्याला झाकण कशाला?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून हसाल, पण हसून झालं की पुढे वाचा. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यावर बसवायचं झाकण कोणतं घ्यावं, हा तो विषय. इथे अमेरिकेत त्याला टनो कव्हर म्हणतात. (स्पेलिंग फ्रेंच असल्यामुळे आपले लोक 'टोन्यू', 'टोनेऊ' असं वाट्टेल ते म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ पिंप. शंभरेक वर्षांपूर्वीच्या उघड्या मोटारींना मागे बसायला जो गोलसर भाग असायचा त्याला टनो म्हणायचे, आणि त्यावर पसरायच्या कापडाला टनो कव्हर. म्हणजे मुळात हे एक कापड होतं. लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

डॅलसच्या आसपास माझ्या ओळखीतल्या चार-पाच मराठी मुलांनी गेल्या दोन-तीन वर्षांत पिकअप घेतले. छान केलं. हौस आहे, पगार आहे, टेक्सासात रस्ते रुंद आहेत. ट्रक घेण्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या पुढच्या आठवड्याशी. गाडीचं नवेपण ओसरायच्या आत कव्हरचं संशोधन सुरू होतं आणि मग आपल्या इंजिनिअर डोक्याला जे सुचतं तेच आपण करतो. एक्सेल शीट! किंमत, वजन, वॉरंटी, मटेरियल, पाणी अडवण्याची ताकद, कुलूप, मायलेजमधली बचत, ग्राहकांनी दिलेले तारे. प्रत्येक रकान्याला गुण, गुणांना वेटेज आणि शेवटी बेरीज. बेरजेत दरवेळी सगळ्यात महागडं कव्हर पहिलं येतं. येणारच, कारण रकानेच मुळी महाग कव्हर विकणाऱ्यांच्या जाहिरातीतून उचललेले असतात.

एक रकाना मात्र मी अशा कुठल्याच शीटमध्ये पाहिलेला नाही. 'हौदा पूर्ण मोकळा करायला किती माणसं आणि किती वेळ लागतो?'

माझं म्हणणं एवढंच आहे की हा रकाना पहिला हवा. त्यात 'एक माणूस, पाच मिनिटं' यापेक्षा मोठा आकडा आला तर पुढचे रकाने भरायची गरजच नाही.

का, ते सांगतो. हौदा म्हणजे नक्की काय विकत घेतलं आपण? फोर्डचा एफ-१५० घ्या उदाहरणाला. (एफ-सीरिज १९७७ पासून अमेरिकेतला सर्वात जास्त खपणारा ट्रक आहे, त्यामुळे उदाहरण अगदीच आडवळणाचं नाही.) चार दारांची ऐसपैस केबिन घेतली की बहुधा साडेपाच फुटी हौदा पदरात पडतो. या हौद्याची खोली साधारण २१ इंच. आता त्यावर झाकण लावा. झाली २१ इंच उंचीची, साडेपाच फूट लांबीची एक पेटी. कपडे धुवायचं मशीन ३८-३९ इंच उंच असतं. सायकल उभी राहत नाही. फ्रिज आडवा घालू नये म्हणतात. दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळाचे ते उभे स्पीकर न्यायचे असतील तर तेही नाहीत. मग आत जातं काय? कॉस्टकोच्या पिशव्या आणि प्रवासाच्या बॅगा. ते तर होंडा सिव्हिकच्या डिकीतही जायचं हो!

उघड्या हौद्याचा एकच खरा गुण आहे, तो म्हणजे त्याला छत नाही. उंची मर्यादित नाही, वरून माल टाकता येतो, बाजूने काढता येतो, चिखल झाला तर पाइप लावून धुता येतो. यासाठी आपण पन्नास-साठ हजार डॉलर मोजतो, पार्किंग करताना घाम गाळतो, पेट्रोल जास्त जाळतो. आणि मग पहिल्याच महिन्यात आणखी हजार-दोन हजार डॉलर घालून तो गुण बंद करून टाकतो. सेडानची डिकी हवी असेल तर सेडान मिळते. मोठी, कुलूपबंद, कोरडी जागा हवी असेल तर टोयोटा सिएना किंवा होंडा ओडिसी घ्या. आठ बाय चार फुटाचं प्लायवूड सीटा काढून-दुमडून आत आडवं मावतं, आणि वरून छत फुकट. पण मिनीव्हॅन म्हटली की आपल्या मर्दानगीला धक्का बसतो. असो.

आता जाहिरातीतला एकेक मुद्दा घेऊ. पहिला मायलेजचा, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे दिसले की आपण विरघळतो.

समज असा असतो की उघड्या हौद्यात वारा शिरतो, मागच्या फाळक्यावर आपटतो आणि गाडीला मागे ओढतो. दिसायला अगदी पटण्यासारखं. प्रत्यक्षात केबिनच्या छतावरून सुटलेली हवा सरळ फाळक्यावर जाऊन आपटत नाही. हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो, तो तिथेच फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्या डोक्यावरून घसरत मागे निघून जाते. 'मिथबस्टर्स'वाल्यांनी २००५ मध्ये फाळका लावलेला ट्रक आणि फाळका पाडलेला ट्रक असे दोन्ही टाकीतलं इंधन संपेपर्यंत चालवून पाहिले. फाळका लावलेला ट्रक जास्त लांब गेला. म्हणजे निसर्गाने बिनपैशाचं एक झाकण आधीच बसवून दिलेलं आहे. वरून खरं झाकण लावलं तर ओढ आणखी थोडी कमी होते, हे मी नाकारत नाही. पण किती कमी, आणि कितीला?

हिशोब करू. वर्षाला १२,००० मैल, गॅलनला २० मैल, म्हणजे ६०० गॅलन. गॅलन तीन डॉलरला धरला तर वर्षाचे १,८०० डॉलर. समजा कव्हरने मायलेज २ टक्क्यांनी वाढलं. बचत सुमारे १२ गॅलन, म्हणजे ३६ डॉलर. हजार डॉलरचं कव्हर वसूल व्हायला जवळजवळ २८ वर्षं. २,२०० डॉलरचं रोलर शटरवालं घेतलंत तर ६१ वर्षं. तोवर ट्रक भंगारात, तुम्ही रिटायर्ड आणि पेट्रोल बहुधा म्युझियममध्ये. बरं, मन मोठं करून १० टक्के धरा. तरी वर्षाला साधारण १६४ डॉलर सुटतात आणि त्या रोलरवाल्याला तेरा वर्षांहून जास्त लागतात. ऑफिसात असा आरओआय घेऊन मॅनेजरसमोर उभे राहाल का? मग घरच्या पैशाला वेगळा न्याय कशाला?

दुसरा मुद्दा चोरीचा. हा मायलेजपेक्षा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. झाकलेली वस्तू दिसत नाही, दिसली नाही की मोह होत नाही. मान्य. पण हे काम तीनशे डॉलरचं व्हायनलचं कापडही करतं. कडक कव्हर घेणारा वरचे पाचशे-हजार डॉलर देतो ते 'कुलूप' या शब्दासाठी. ते कुलूप कुठे असतं? बऱ्याच कव्हरांत स्वतंत्र कुलूपच नसतं. फाळका बंद असला की कव्हरचं शेवटचं पान उघडत नाही, एवढंच. म्हणजे तुमच्या तिजोरीचं दार म्हणजे फाळका. आणि तो फाळका कित्येक ट्रकांत, विशेषतः जुन्या आणि खालच्या ट्रिममध्ये, दारांबरोबर लॉक होतच नाही! किल्लीने वेगळा लावावा लागतो आणि कोणी लावत नाही. इथे टेक्सासात चोर आख्खा फाळकाच उचकटून नेतात. मागचा कॅमेरा त्यातच असतो, त्यामुळे त्याला भाव चांगला येतो. तेव्हा लॅपटॉप केबिनमध्ये मागच्या सीटखाली ठेवा आणि हौद्यात तेच ठेवा जे गेलं तर रात्री झोप लागेल.

तिसरा, पाण्याचा. शब्द नीट वाचा, 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असतं. आपण मनातल्या मनात 'वॉटरप्रूफ' वाचतो. फाळका आणि हौद्याच्या कडा यांच्यात फटी असतात, त्या गाडीच्याच असतात, कव्हर त्याला काही करू शकत नाही. रोलरवाल्या कव्हरात पाणी वाहून न्यायला नळ्या असतात. त्यात पानं आणि धूळ साचली की पाणी आत. ढाकणाचा प्लास्टिकचा डबा वॉलमार्टात दहा-पंधरा डॉलरला मिळतो. ज्याला कोरडं ठेवायचंय ते त्यात घाला, विषय संपला.

ब्रँडबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या एक्सेल शीटची अर्धी लांबी ब्रँडच्या तुलनेत जाते. ट्रूझिडो चांगलं की एक्स्टँग? बॅकफ्लिप की अंडरकव्हर? रिट्रॅक्स की रोल-एन-लॉक? रात्र रात्र जागून हा अभ्यास चालतो. मंडळी, ही सगळी नावं एकाच घरातली आहेत. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या रिअलट्रक नावाच्या कंपनीकडे (पूर्वीचं नाव ट्रक हिरो) ही सगळी आहेत. त्यांच्यात फरक नाही असं नाही, फरक असतो. पण तुम्ही ज्याला बाजारातली स्पर्धा समजून निवाडा देताय ती सख्ख्या भावंडांची चढाओढ आहे. एकाकडे गेलात काय आणि दुसऱ्याकडे गेलात काय, गल्ला एकच. आणि ती 'लाइफटाइम वॉरंटी'! आयुष्य कोणाचं, ते बारीक अक्षरात शोधा. बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरती असते आणि उन्हाने रंग उडणं, कापड झिजणं वगैरे गोष्टींना तिथे पानभर अपवाद असतात. टेक्सासच्या उन्हात कापडाला दुसरं होतं तरी काय?

विजेवर चालणाऱ्या कव्हरांचं तर विचारूच नका. बटण दाबलं की घुर्रर्र करत झाकण सरकतं, पाहुण्यांसमोर भाव खाता येतो. रिव्हियनने २०२१ मध्ये आणलेल्या आर१टी ट्रकला असं पॉवर्ड कव्हर दिलं होतं. ते अडकू लागलं, बिघडू लागलं, शेवटी कंपनीला ते देणं थांबवावं लागलं आणि डिझाइन नव्याने करून काही काळाने परत आणावं लागलं. स्वतः ट्रक बनवणाऱ्या कंपनीची ही गत. धूळ, बर्फ, वाळू, पालापाचोळा, हादरे अशा जागी सरकणारी पट्ट्यांची साखळी आणि मोटर बसवायची म्हणजे काय चीज आहे हे मेकॅनिकलवाल्यांनी तरी ओळखायला हवं. टेस्लाच्या सायबरट्रकला (गाड्या २०२३ च्या शेवटी ग्राहकांना मिळू लागल्या) कव्हर कारखान्यातूनच येतं. चांगलं भक्कम आहे, वर माणूस उभा राहतो. फक्त ते बंद केलं की आतल्या आरशातून मागचा रस्ता दिसत नाही, कॅमेऱ्यावर भरवसा ठेवायचा. एक झाकण, त्यापायी एक मोटर, त्यापायी एक कॅमेरा. आपण सॉफ्टवेअरमध्ये याला काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. :)

इथवर पैशाचं झालं. पैसे तुमचे, उधळा. पण आता जे सांगणार आहे ते तुमच्यापुरतं नाही, आणि मी खरा चिडलोय ते यावर.

कव्हर म्हणजे दोर नव्हे. ही एवढी साधी गोष्ट कव्हर लावणाऱ्या माणसाच्या डोक्यातून कशी निसटते हे मी पाहिलंय. झाकण लावलं की माल 'सुरक्षित' झाला असं वाटतं. मग हौद्याच्या कोपऱ्यांतल्या लोखंडी कड्या, ज्या कंपनीने फक्त बांधण्यासाठी दिल्यात, त्यांना कोणी हात लावत नाही. छोट्या मालाला फारसं बिघडत नाही. ब्रेक मारला की डबा सरकून आपटतो, फार तर लोणच्याची बरणी फुटते. खरा धोका मोठी वस्तू आली की सुरू होतो. कडक तीन घड्यांचं कव्हर आहे, गादी न्यायची आहे. कव्हर पूर्ण काढायचं तर क्लॅम्प सोडा, पन्नासेक पौंडांचं धूड दोघांनी उचला, गॅरेजमध्ये कुठेतरी ठेवा. कोण करणार? मग दोन घड्या उघडायच्या, गादी अर्धी हौद्यात आणि अर्धी घडीवर तिरकी टेकवायची, एक सुतळीसारखी दोरी इकडून तिकडे फिरवायची आणि एक जण खिडकीतून हात बाहेर काढून गादी धरून बसणार. (हा हात धरणारा दर शिफ्टिंगला असतोच. नेहमी तोच असतो.) आणि हे हायवेवर!

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे अकरावीत शिकलो आपण. क्वीन साइझची गादी ६० बाय ८० इंच, म्हणजे सुमारे ३३ चौरस फूट. ताशी ७० मैलांना हवेचा दाब चौरस फुटाला साधारण १२ पौंड भरतो. गादी वाऱ्याला पूर्ण आडवी उभी राहिली तर चारशे पौंडांचा धक्का. पूर्ण सोडा, पाव हिस्सा जरी वारा खालून शिरला तरी शंभर पौंड, आणि गादीचं स्वतःचं वजन बहुधा त्याहून कमी. खिडकीतून धरलेला हात काय करणार? बाहेर खेचला जाऊ नये म्हणजे मिळवली. गल्लीत ताशी ३५ मैलांना हाच जोर चौथाई असतो, म्हणून गल्लीत सगळं ठीक वाटतं आणि रॅम्पवरून हायवेला लागलं की गादी उडते.

ट्रिपल-ए फाउंडेशनने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे अमेरिकेत दोन लाखांहून जास्त अपघात झाले. सुमारे ३९,००० लोक जखमी झाले आणि ५०० हून जास्त गेले. यातले साधारण दोन तृतीयांश अपघात गाड्यांवरून पडलेल्या गोष्टींमुळे होते: नीट न बांधलेला माल किंवा नीट न राखलेल्या गाडीचा सुटलेला भाग. त्या पाचशे जणांनी ट्रक घेतला नव्हता, कव्हरचा अभ्यास केला नव्हता. ते आपले मागून येत होते.

म्हणून माझा तो पहिला रकाना. कव्हर काढायला कटकट असेल तर माणूस ते काढत नाही, आणि काढलं नाही की माल चुकीच्या जागी, चुकीच्या पद्धतीने लादला जातो. इथे आळस हा माणसाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. आळस हे डिझाइनचं इनपुट आहे. यूजर मॅन्युअल वाचेल असं गृहीत धरून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आपण हसतो ना?

आपल्याकडचे टेम्पोवाले आठवा. नाशिककडे कांद्याच्या हंगामात लासलगावच्या रस्त्याला उभे राहा आणि बोलेरो पिकअप नाहीतर छोटा हत्ती बघा. त्या हौद्यावर कायमचं काही बसवलेलं नसतं. कांद्याला वारा लागतो, झाकून ठेवला तर त्याला घाम सुटतो, म्हणून तो उघडा. ढग आले की ताडपत्री. फर्निचर असेल तर आधी दोर, मग गोधड्या, मग पुन्हा दोर आणि पाऊस असेल तरच वरून ताडपत्री. माल बघून झाकण ठरतं, आणि दोर आधी. त्या ड्रायव्हरने एक्सेल शीट केलेली नसते. त्याचं पोट त्या हौद्यावर असतं, त्यामुळे हौदा अडवणारी वस्तू तो फुकट दिली तरी लावून घेणार नाही. (ताडपत्री फाटकी असते, ओव्हरलोडही असतो, मागचे दिवे धुळीने बुजलेले असतात, सगळं कबूल. मी फक्त झाकणाबद्दल बोलतोय.)

'पण मग कडक कव्हर कोणीच घेऊ नये का?' घ्यावं की. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, ज्यांच्या हौद्यात रोज हत्यारं असतात आणि जे मोठा माल दुसऱ्या गाडीने नेतात, त्यांनी घ्यावं. मिनेसोटात, मिशिगनमध्ये हिवाळाभर फूटफूट बर्फ पडतो, तिथे कापडाला झोळ पडतो आणि थंडीत व्हायनल पत्र्यासारखं ताठ होतं, तिथल्यांनीही घ्यावं. बॅकफ्लिपसारखी अ‍ॅल्युमिनियमची घडीची कव्हरं सारख्या पसरलेल्या चारशे पौंडांपर्यंतच्या भाराला बनवलेली असतात. आपल्या डॅलसला बर्फ वर्षातून दोन दिवस पडतो आणि त्या दोन दिवसांत आपण घरूनच काम करतो. गारा पडतात, हे खरं. पण गारांनी अ‍ॅल्युमिनियमला पोचे येतात, आणि ज्या गारांनी कव्हरला पोचे येतील त्यांनी बॉनेटला आणि छतालाही येणारच आहेत.

बाकीच्यांनी काय घ्यावं, विचाराल तर माझं उत्तर: गुंडाळायचं मऊ कव्हर. तीनशे ते पाचशे डॉलरच्या आसपास मिळतं. दोन्ही कडांना वेल्क्रो नाहीतर खटके, पट्टा ओढला, गुंडाळत गेलं, केबिनला टेकवून दोन पट्ट्यांनी बांधलं. मिनिटभरही लागत नाही. गुंडाळी चार-सहा इंच जागा खाते, पण तीही नको असेल तर दोन क्लॅम्प सोडून अख्खं भेंडोळं एकटा माणूस उचलून गॅरेजच्या भिंतीला उभं करू शकतो. सुरीने फाडता येतं? येतं. म्हणून तर वर म्हटलं, आत लॅपटॉप ठेवू नका.

रोलर शटरवाल्यांचा आक्षेप मला माहीत आहे. 'आमचं तर पाच सेकंदांत उघडतं!' उघडतं, बरोबर. पण रकान्यात शब्द 'पूर्ण मोकळा' असा आहे. तुमच्या शटरची ती पेटी हौद्यात केबिनला लागून बसलेली असते आणि दहा-बारा इंच खाऊन बसते. साडेपाच फुटांतला जवळजवळ एक फूट कायमचा गेला. ती काढायची तर पाने-स्पॅनर आणि त्या पाण्याच्या नळ्या सोडवा. आणि फायबरग्लासचं एकसंध, गाडीच्या रंगात रंगवलेलं, डिकीसारखं उघडणारं झाकण? दिसतं सुंदर. दोन माणसांशिवाय निघत नाही आणि अर्धवट उघडं ठेवून गाडी चालवता येत नाही. शोरूममध्ये शोभतं, तिथेच शोभू दे.

एक कारण मात्र असं आहे की ज्यापुढे मी हात टेकतो. एका मित्राने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, 'अरे, ट्रक घेतल्यापासून दर शनिवारी कोणाचं ना कोणाचं शिफ्टिंग असतं. आता कडक कव्हर लावलंय. फोन आला की सांगतो, निघत नाही रे ते.' याला उत्तर नाही. या कामासाठी हजार डॉलर म्हणजे स्वस्तच.

घेणारच असाल तर ऑर्डर देण्याआधी हे बघा. हौद्याची लांबी टेपने आतून मोजा, साडेपाच आणि साडेसहा फुटी यांत घोळ करून चुकीचं मागवलेलं कव्हर परत पाठवायला त्या खोक्याचं भाडंच रडवतं. रॅमच्या ट्रकला बाजूला रॅमबॉक्सचे कप्पे असतील तर त्याचं कव्हर वेगळं येतं. टाकोमाला कडेने रूळ असतात, कव्हर लावल्यावर ते वापरता येतात का विचारा. नाही म्हणाला तर दुसरं बघा, कारण बांधायची जागा झाकणापायी घालवायची नाही. आणि दुकानात मॉडेल लावलेलं असेल तर विकणाऱ्याला सांगा, 'तू बाजूला उभा राहा.' मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि एकट्याने, मदत न घेता, हौदा पूर्ण मोकळा करून दाखवा. परत लावूनही बघा. उरलेल्या पैशांतून एक-एक इंची चार रॅचेट पट्टे घ्या, पंचवीस-तीस डॉलरला येतात, आणि ते केबिनमध्ये ठेवा. हौद्यात ठेवले तर ज्या दिवशी लागतील त्या दिवशी ते गादीखाली असतील.